इंजिन काम काढलंय: ऑइल प्रेशरचा सेन्सर कुठे, कसा आणि केव्हा बसवावा?

प्रश्न थोडक्यात असा. सत्तरच्या दशकातल्या गाडीचं चार सिलिंडरचं, बिडाच्या ब्लॉकचं इंजिन पूर्ण खोललं आहे. ब्लॉक बोअर होऊन आणि क्रँक ग्राइंड होऊन परत आला आहे. मूळ गाडीत ऑइलचा फक्त लाल दिवा होता, आता काट्याचा मीटर हवा आहे आणि त्यासाठी सेंडर, म्हणजे दाब मोजून तो विजेने मीटरला कळवणारा सेन्सर, आणून ठेवला आहे. तो दिव्याच्या जुन्या स्विचच्या जागी लावायचा की टी (तीन तोंडांची जोडणी) टाकून दोन्ही ठेवायचे? टेफ्लॉन टेप लावायची का? आणि हे सगळं इंजिन गाडीत चढल्यावर केलं तर चालेल का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. इंजिन गाडीत चढल्यावर सेन्सर बसवता येतो, पण तोवर स्विचच्या भोकाचे निम्मे उपयोग वाया गेलेले असतात. ते भोक थेट मुख्य ऑइल गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या मुख्य वाटेत, उघडतं. म्हणजे ब्लॉक धुताना तिथून आत ब्रश घालता येतो, इंजिन जुळल्यावर तिथूनच बाहेरून दाबाने ऑइल भरता येतं, आणि पहिल्यांदा इंजिन चालू करताना तिथे खात्रीचा मेकॅनिकल मीटर (नळीतून येणाऱ्या ऑइलच्या दाबावरच चालणारा, विजेशिवायचा) लावून खरं प्रेशर बघता येतं. सेन्सरचा नंबर या तिन्हीनंतर. त्यामुळे आटे तपासणं, अडॅप्टर शोधणं, सेंडर कुठे टांगायचा हे ठरवणं, ही सगळी कामं ब्लॉक स्टँडवर उघडा असतानाच उरकून घ्या. फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) आणि मॅनिफोल्डच्या मध्ये हात घालून, न दिसणाऱ्या भोकात अडॅप्टर वाकडा चढवण्यात काही मजा नाही.

आता भोकाची सफाई. स्विचची जागा ही बंद गल्ली असते. ऑइल तिथवर पोचतं, पण तिथून पुढे कुठे वाहत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षांचा गाळ तिथे बसून राहतो. त्यात ब्लॉक बोअरिंगहून आलेला असतो, म्हणजे बिडाची बारीक पूडही आत शिरलेली असते. स्विच तसाच ठेवून ब्लॉक धुतला तर ही घाण हलत नाही, आणि पुढे सुटली तर बेअरिंगवर जाऊन चरे पाडते. म्हणून स्विच काढा, गॅलरीच्या टोकांचे प्लगही काढा, लांब दांड्याचा ब्रश आरपार फिरवा, आणि पांढरं फडकं काळं होणं थांबेपर्यंत थांबू नका. ब्लॉक रंगवायचा असेल तर या भोकात जुना स्विच किंवा योग्य आट्याचा प्लग लावून मगच रंग मारा. आट्यात रंग गेला तर सील बिघडतं आणि अर्थिंगही बिघडतं.

आटे साफ करायला आटे कापणारा टॅप सरसकट फिरवू नका. निमुळत्या आट्यात टॅप जितका खोल जाईल तितकं भोक मोठं होतं. मग सेन्सर पार आत जातो आणि तरी घट्ट बसत नाही. आटे नुसते साफ करणारा चेझर मिळाला तर उत्तम. नाहीतर तारेचा बारीक ब्रश, थोडं सॉल्व्हंट आणि हवेचा झोत पुरतो.

आता या कामातली खरी मेख: आटे कोणते आहेत? एकाच दिसणाऱ्या तीन जाती इथे सापडतात. अमेरिकन इंजिनांत बहुधा १/८ एनपीटी, म्हणजे पाइपचा अमेरिकन निमुळता आटा. ब्रिटिश आणि जपानी पद्धतीत १/८ बीएसपी, म्हणजे पाइपचा ब्रिटिश आटा, तोही बऱ्याचदा निमुळता. जर्मन वंशाच्या इंजिनांत एम १० × १. तिन्ही साधारण करंगळीच्या नखाएवढी. पण एनपीटीला इंचात २७ आटे आणि आट्याचा कोन ६० अंश, बीएसपीला इंचात २८ आटे आणि कोन ५५ अंश, तर एम १० ची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) बरोबर १ मिलिमीटर, म्हणजे इंचात साधारण साडेपंचवीस आटे. बाहेरचा व्यास मोजलात तर १/८ एनपीटी सुमारे १०.३ मिलिमीटर भरतो, एम १० दहा, आणि १/८ बीएसपी सुमारे ९.७. फरक इतका कमी असल्यामुळेच चुकीचा सेन्सरही दोन-तीन फेरे गुमान आत जातो आणि माणूस फसतो. बीएसपीचा सेन्सर एनपीटीच्या भोकात सैल सैल फिरत जातो आणि मग अचानक आवळल्यासारखा वाटतो. खरं तर एकदोन आटेच पकडलेले असतात. उलट एनपीटीचा अडॅप्टर लहान भोकात जोर लावून घातला तर तो पाचरीचं काम करतो आणि ब्लॉकचा तो उंचवटा तडकतो. बीड ताण सहन करत नाही. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची केस (इंजिनचं बाहेरचं अंग) असलेल्या इंजिनांत, उदाहरणार्थ फोक्सवॅगन बीटलच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनात, तर हा धोका आणखी मोठा. तिथे मूळ आटा एम १० × १ निमुळता असतो आणि बाजारातले बरेचसे टी आणि अडॅप्टर एनपीटीचे. केस कशी तडकते हे वेगळं सांगायला नको.

म्हणून जुना मूळ स्विच फेकू नका, तोच तुमचा नमुना. त्याच्यावर थ्रेड गेजची पाती टेकवून उजेडासमोर धरा. पात्याच्या आणि आट्याच्या मधून उजेड दिसला तर ती जात नव्हे. गेज नसेल तर व्हर्नियरने टोकाचा आणि मुळाचा व्यास मोजा. दोन्ही सारखे आले तर आटा सरळ, फरक आला तर निमुळता. मात्र आधीच्या कुणी चुकीचा स्विच कोंबलेला असू शकतो, म्हणून शेवटची परीक्षा भोकाचीच: नवीन अडॅप्टर कोरडा, नुसत्या बोटांनी लावून बघा. निमुळता आटा बोटांनी तीन-चार फेरे सरळ, न डगमगता जावा आणि हळूहळू घट्ट होत थांबावा. पहिल्याच फेऱ्यात अडला किंवा शेवटपर्यंत खुळखुळत गेला, तर पाना हातात घेऊ नका.

सील कशाने करायचं हे आट्याच्या जातीवर ठरतं. सरळ आट्याचं सील तळाच्या वॉशरवर होतं, तिथे टेप लावण्यात अर्थ नाही. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा नवा वॉशर घाला. निमुळत्या आट्याचं सील आट्यांतच होतं, तिथे थोडं सीलंट लागतं. माझी पसंती टेफ्लॉन असलेल्या पेस्टला. पहिले एक-दोन आटे कोरडे सोडा, पुढच्या आट्यांत बोटाने पातळ थर चोळा, जास्तीचा पुसून टाका. टेपच हातात असेल तर तीही चालते, पण पहिला आटा सोडून, आटे ज्या दिशेने आवळतात त्या दिशेने, दोनच वेढे. टेपची खरी अडचण वेगळी आहे: पुढच्या वेळी सेन्सर काढला की तिचे तुकडे गॅलरीत पडतात, आणि टॅपेटकडे किंवा रॉकरकडे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांकडे) जाणारं बारीक भोक बुजवायला एवढासा तुकडा पुरतो. सिलिकॉन सीलंट तर इथे अजिबात नको, त्याच्या आत गेलेल्या शेवया असंच करतात. टेप लावली की अर्थ तुटतो असं सरसकट सांगितलं जातं. बहुतेक वेळा आटे टेपला कापून धातूला भिडतातच. पण अंदाजावर का सोडायचं, मल्टिमीटर असतो ना. बसवल्यावर सेन्सरच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत रेझिस्टन्स मोजा. एक ओहमच्या आत आला की विषय संपला.

आवळताना पाना षटकोनावरच. वरच्या पत्र्याच्या डब्याला पकडपाना लावला की आतला डायफ्रॅम (दाबाने हलणारा पातळ पडदा) आणि कडेची घडी दोन्ही जातात. बोटांनी घट्ट झाल्यावर एक ते दीड फेरा निमुळत्या आट्याला साधारण पुरतो. टर्मिनल सोयीच्या दिशेला यावं म्हणून आणखी पाऊण फेरा ओढण्याचा मोह टाळा, वायर वळवून घ्या.

आता मूळ प्रश्न: स्विच काढून सेंडर, की दोन्ही? दोन्ही ठेवा. याबाबतीत माझं मत पक्कं आहे, कारण ही दोन वेगवेगळ्या कामांची यंत्रं आहेत. दिव्याचा स्विच म्हणजे प्रेशर नसताना जोडलेला राहणारा संपर्क. इग्निशनमधून दिव्यात आणि दिव्यातून स्विचमार्फत इंजिनच्या अंगावर अर्थ होतो, म्हणून चावी फिरवली की दिवा लागतो. प्रेशर साधारण ४ ते ८ पीएसआयच्या (दर चौरस इंचावर इतके पाउंड) पुढे गेलं की संपर्क तुटतो आणि दिवा विझतो. म्हणजे दिवा विझला याचा अर्थ प्रेशर चांगलं आहे असा नाही. ते अगदीच शून्य नाही, एवढाच. ३००० आरपीएमला १० पीएसआय असलं तरी दिवा शांत असतो, आणि तिकडे बेअरिंगची वाट लागत असते. शिवाय दिव्याची वायर तुटली तर तो कधीच लागत नाही आणि चालवणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. म्हणून सेल्फ मारण्याआधी, नुसती चावी फिरवल्यावर दिवा लागतोय की नाही हे बघण्याची सवय हवी.

मीटर प्रेशर किती आणि ते हळूहळू कसं उतरतंय हे सांगतो. पण गाडी चालवताना त्याच्याकडे सतत कोण बघतं? अचानक पाइप सुटला किंवा चेंबर (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी) फुटला तर नजर ओढायला लाल दिवाच हवा. मीटर आला म्हणून दिवा काढणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

दोन्ही लावायचे तर दोन मार्ग. एक, मीटरचा सेंडर आणि दिव्याचा संपर्क एकाच डब्यात असलेलं युनिट. व्हीडीओ या मीटर बनवणाऱ्या जर्मन कंपनीच्या अशा सेंडरवर ‘जी’ आणि ‘डब्ल्यूके’ अशी दोन टर्मिनल असतात. जी मीटरकडे, डब्ल्यूके दिव्याकडे. दुसरा, टी फिटिंग टाकून मूळ स्विच आणि वेगळा सेंडर. दोन्हींत एक गोष्ट सारखी: मीटरचा सेंडर हा जड डबा आहे. पितळी टीच्या टोकाला तो ब्लॉकवर थेट टांगला तर इंजिनच्या थरथरीने पितळ आट्याच्या मुळाशी थकतं आणि एक दिवस तुटतं. आणि तुटतं तेव्हा मुख्य गॅलरीतून, पूर्ण दाबाने, बहुतेकदा गरम एक्झॉस्टच्या शेजारी ऑइल उडतं. चार सिलिंडरच्या जुन्या इंजिनांची थरथर काही कमी नसते. तेव्हा ब्लॉकवर फक्त स्टीलचं छोटं अडॅप्टर लावा, तिथून तारेच्या जाळीची लवचीक होज फायरवॉलपर्यंत न्या आणि टी, स्विच, सेंडर हे सगळं तिथे ब्रॅकेटवर घट्ट बसवा. ब्लॉकच्या बाजूच्या अडॅप्टरमध्ये बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर असला तर आणखी चांगलं: होज फाटली तरी गळती कमी राहते, आणि काट्याची थरथरही कमी होते. होज एक्झॉस्टपासून आणि फिरत्या पट्ट्यापासून लांब ठेवा, इंजिन हलतं त्याला पुरेल इतकी सैल ठेवा.

सेंडर असा लांब नेला की त्याला स्वतंत्र अर्थ वायर द्यावीच लागते, कारण एका टर्मिनलचा सेंडर अंगातूनच अर्थ घेतो. ब्रॅकेट रंगवलेल्या पत्र्यावर असेल तर अर्थ मिळत नाही. ही वायर थेट इंजिनच्या अंगावर आणा.

सेंडर आणि मीटर एकाच कुळातले आहेत का, हे बसवण्याआधी टेबलावर तपासा. व्हीडीओ पद्धतीत शून्य प्रेशरला सुमारे १० ओहम आणि पूर्ण काट्याला सुमारे १८० ओहम. अमेरिकन पद्धतीतल्या एका मोठ्या कुळात हे उलटं: शून्याला २४० आणि पूर्णाला ३३. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत ० ते ९० ओहमही असतं. कुळं मिसळली तर इंजिन बंद असताना काटा टोकाला जाऊन बसतो, किंवा मग साळसूदपणे खोटा आकडा दाखवतो, आणि तो प्रकार जास्त वाईट. मल्टिमीटरचं एक टोक टर्मिनलला, एक अंगाला लावा, आकडा बघा. मग रेग्युलेटर लावलेल्या हवेच्या दाबावर सेंडर जोडून २०, ४० पीएसआय द्या. आकडा सलग सरकला पाहिजे, मध्येच उडी मारता कामा नये. दिव्याचा स्विचही असाच तपासून घ्या: दाब नसताना जोडलेला, दाब दिला की तुटलेला.

ज्या जुन्या गाड्यांत डॅशबोर्डला व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, तिथे मूळ मीटर आणि बाहेरून आणलेला मीटर यांचा वीजपुरवठा एक करू नका. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीचे द्विधातूचे मीटर सरासरी १० व्होल्टवर चालतात. नवीन मीटरला बहुधा सरळ १२ व्होल्ट हवे असतात.

आणि इंजिन चढवताना इंजिनची अर्थ पट्टी. ही विसरण्याचं प्रमाण इतकं आहे की मीटर चुकीचं दाखवतोय म्हणून कुणी आलं की मी आधी तिथे बघतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध त्या पट्टीनेच. ती नसली की सेल्फचा करंट ॲक्सिलरेटरच्या किंवा चोकच्या केबलमधून वाट काढतो, केबल तापते, आणि हेडलाइट लावला की ऑइलचा काटा हलतो. हेडलाइटचा आणि ऑइलचा काय संबंध, असं वाटलं की पट्टी शोधा.

आता पहिलं ऑइल. इंजिन जुळलं, फिल्टर शक्य तितका भरून लावला, पंप जोडताना त्यात ऑइल किंवा पेट्रोलियम जेली भरली, इथवर आलात की सेन्सरचं भोक अजून मोकळंच हवं. ज्या इंजिनांत ऑइल पंप डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावरून फिरतो तिथे डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिल मशीनने पंप फिरवता येतो. दिशा डिस्ट्रिब्युटरचीच ठेवा. उलटं फिरवलं तर पंप ऑइल ओढणार नाही. काही व्ही८ इंजिनांत डिस्ट्रिब्युटरचं अंगच गॅलरीची एक बाजू बंद करतं, तिथे नुसता दांडा फिरवून प्रेशर चढत नाही, कॉलर असलेलं हत्यार लागतं. सेन्सरच्या भोकात मेकॅनिकल मीटर लावून ड्रिल सुरू करा. आधी ड्रिल हलकं, मोकळं फिरतं. मग अचानक हाताला जड लागतं, आवाज खाली बसतो आणि काटा उठतो. तिथेच थांबू नका. क्रँक हाताने पाव-पाव फेरा फिरवत, प्रत्येक रॉकरला ऑइल येईपर्यंत चालू ठेवा.

तुमच्या इंजिनात पंप कॅमच्या टोकावरून किंवा क्रँकवरून फिरत असेल तर ड्रिलचा मार्ग बंद. तेव्हा हेच भोक कामाला येतं: हवेच्या दाबाच्या ऑइल टाकीची नळी तिथे जोडायची आणि गॅलरीत ऑइल ढकलायचं. ऑइल बेअरिंगमधून चेंबरमध्ये गळू लागतं, वर रॉकरपर्यंत पोचतं. मग नळी काढून मीटर लावा, स्पार्क प्लग काढलेले ठेवा, इग्निशनची जोडणी सोडा, आणि थोड्या थोड्या वेळाने सेल्फ मारत काटा उठतोय का बघा. सेल्फवर काटा उठला नाही तर इंजिन चालू करायचं नाही. पंपाच्या सक्शन पाइपचा ओरिंग किंवा गॅलरीचा राहिलेला प्लग आधी शोधायचा.

पहिली चालणीही मेकॅनिकल मीटरवरच करावी, आणि सपाट टॅपेटचं इंजिन असेल तर आवर्जून. नवीन कॅम बसवला असेल तर चालू होताच २०००–२५०० आरपीएमवर साधारण २० मिनिटं ठेवावं लागतं. तेवढा वेळ नुसत्या दिव्यावर विसंबणं म्हणजे डोळे बांधून रस्ता ओलांडणं. चालू झाल्यावर पाच-दहा सेकंदांत प्रेशर दिसलं नाही तर बंद करा. थंड ऑइल दाट असल्यामुळे सुरुवातीला काटा ५०–६० पीएसआयला, रिलीफ व्हॉल्व्हच्या (जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेच्या) मर्यादेला जाऊन थांबेल. त्यावर खूश होऊ नका. खरा आकडा इंजिन पूर्ण तापल्यावरचा. दर १००० आरपीएमला १० पीएसआय हा जुना ढोबळ हिशेब आहे, पण तुमच्या इंजिनच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला आकडा असेल तर तोच प्रमाण माना. मोजमाप कुठे घेतलंय हेही लक्षात ठेवा: फिल्टरच्या आधी घेतलं तर फिल्टर तुंबलेला असूनही आकडा चांगला दिसतो, आणि पंपापासून लांब, हेडच्या टोकाला घेतलं तर तोच दाब कमी दिसतो.

मेकॅनिकल मीटर आणि तुमचा कायमचा मीटर, दोन्हींचे गरम आयडलवरचे आणि ३००० आरपीएमवरचे आकडे कागदावर लिहून ठेवा. पाच-सात पीएसआयचा फरक चालतो. पुढे कधी काटा खाली आला तर हा कागद असल्याने चेंबर उतरवायचं की फक्त सेंडर बदलायचा हे लवकर ठरतं.

कायमच्या जोडणीसाठी मेकॅनिकल मीटर मात्र मी सुचवत नाही. त्याची नळी गरम ऑइल घेऊन केबिनमध्ये येते. नायलॉनची असेल तर एक्झॉस्टजवळ वितळते, तांब्याची असेल तर थरथरीने कडक होऊन तुटते, आणि ऑइल पायावर येतं.

पहिल्या चालणीनंतर इंजिन गार झालं की सेन्सरच्या मुळाशी कोरडं टिश्यू फिरवा. आट्यांशी ओल दिसली तर सेन्सर काढा, सीलंट नव्याने लावा, पुन्हा बसवा. तसाच आणखी आवळू नका. ओल टर्मिनलच्या बाजूने, वायरच्या टोपीत दिसली तर आतला डायफ्रॅम गेला आहे, तिथे सीलंटचा उपयोग नाही. तो बदलाच, आणि लगेच बदला, कारण तसाच ठेवला तर ऑइल वायरच्या तारांमधून झिरपत पुढच्या कनेक्टरपर्यंत जातं.